छपराच्या पुलावरचा विसावा

पंप संपला होता, एवढंच कारण.

भरमा मेस्त्री ही गोष्ट कुणालाही सांगोत, सुरुवात इथूनच करतात. दम्याचा पंप, तोंडात धरून ओढायचा. तो मंगळवारी, तेवीस जुलै दोन हजार चोवीसला, रात्री नऊ वाजून वीस मिनिटांनी संपला.

"घड्याळ बघत बसला होता जणू," तेजस्वी म्हणाली.

"मी न्हाय गं, साईराज. इंजिनेर माणूस. त्याचा टायम चुकत न्हाय, बाकी काय बी चुकंल."

हे बोलणं चाललं होतं वर्षभरानंतर; जांभळहट्टीत त्या संध्याकाळी वीज नव्हती. तेजस्वी पिरनवाडीची, आरोही खासबागेतली. दोघी बेळगावात आर्किटेक्चर शिकतात आणि ओढ्यावरच्या छपराच्या पुलाची मापं घ्यायला आल्या होत्या. मापं घेता घेता शेवटची बस गेली. तो पूल ज्यांच्या हातचा, त्या भरमा मेस्त्रींच्या सोप्यात मग जेवण झालं. जेवल्यावर आरोहीनं विचारलं, की पूल दोन्ही टोकांना पाच फूट रुंद आणि मधोमध एकदम अकरा फूट, असं का? आणि आत्ता रात्री तिथं जाऊन एक फोटो काढला तर चालेल का? दुसऱ्या प्रश्नाकडं मेस्त्रींनी लक्ष दिलं नाही. पहिल्याचं उत्तर द्यायला ते भिंतीला टेकून बसले.

साईराजचे वडील, जोतिबा आप्पा, जाऊन त्या मंगळवारी पाच दिवस झाले होते. घरात सुतक होतं, जेवण भाऊबंदांकडून यायचं. खासबागेत दिलेली नीलम, साईराजची धाकटी बहीण, आईच्या उशाशी बसून होती. आईनं, रुक्माबाईनं, पंप दोनदा हलवला, ओढला आणि खाली ठेवला.

"संपला वाटतं," ती म्हणाली.

"सकाळी आणला तर?" नीलमनं विचारलं.

"रात्र काढायची हाय की अजून," साईराज म्हणाला. भादरलेल्या डोक्यावर त्यानं प्लास्टिकची खोळ ओढली आणि निघाला. गल्ली, शाळेचा कोपरा, दूध डेअरी, मग पूल. पुलावरून गाडी जात नाही, म्हणून गावातल्या सगळ्यांच्या मोटारसायकली पलीकडच्या शेडमध्ये असतात. तिथून उचगाव पंधरा मिनिटं.

उचगावात गोमटेशनं फोनवरून निरोप मिळताच दुकानाचं शटर अर्धं वर ठेवलं होतं. गोमटेश मूळचा निपाणीकडचा. गिऱ्हाईक कुठलंही असो, दोन टोमणे मारल्याशिवाय औषध देत नाही.

"दोन दे," साईराज म्हणाला. "ओढ्याला पाणी वाढूलंय."

"वाढू दे की. तुझा चीनचा पूल हाय न्हवं?"

"चीनचा न्हाय. जांभळहट्टीचा."

"तेच ते. आईला सांग, झोपून ओढू नको, बसून ओढ. आणि सावकाश जा. डोळं बघ कसं झाल्यात."

साईराजनं दोन्ही पंप शर्टाच्या खिशात घातले, बटण लावलं. तेव्हा साडेदहा झाले होते.

आता पुलाचं सांगायला पाहिजे, मेस्त्री म्हणाले, न्हायतर पुढचं कळायचं न्हाय.

साईराज उद्यमबागेतल्या एका कारखान्यात कामाला होता. कारखान्यानं नवं मशीन घेतलं तेव्हा शिकायला म्हणून त्याला दोन महिने चीनला पाठवलं होतं. एका सुट्टीला तिथला दुभाषा पोरगा त्याला वेंझाऊ शहरापासून तीन तासांवर, ताइशुनच्या डोंगरात घेऊन गेला. तिथं त्यानं पूल बघितला. पूल कसला, नदीवर ठेवलेलं लांबडं घरच. खाली एकही खांब नाही. झाडाचे बुंधेच्या बुंधे एकमेकांत अडकवून कमान केलेली, आणि वर कौलारू छप्पर, कोपरे उचललेले. दोन्ही बाजूंना फळ्यांच्या भिंती, आतून सलग बाकं. मध्ये देवाचा कोनाडा, उदबत्त्यांचा धूर. म्हातारे पत्ते खेळत होते. एक बाई वाळवलेली अळंबी विकत होती. कुणीतरी छत्री वाळत घातली होती. पलीकडच्या गावाला जायचं म्हणून कुणी तिथं आलंय असं वाटतच नव्हतं. सगळे पुलावरच आले होते.

"छप्पर माणसांसाठी नाही," दुभाष्यानं त्याला सांगितलं. "लाकडासाठी. लाकूड भिजलं नाही तर पूल शेकडो वर्षं टिकतो. माणसं आपली फुकटात कोरडी राहतात."

साईराजच्या डोळ्यापुढं आपला ओढा आला. जांभळहट्टीचा ओढा पावसाळ्यात चार महिने गावाला पलीकडच्या जगापासून तोडतो. पोरं शाळेला मुकतात. बाळंतीण डोलीत घालून न्यावी लागते. मेलेला माणूस पाणी उतरेपर्यंत घरात ठेवावा लागतो, कारण मसणवट पलीकडं. किती अर्ज झाले, किती साहेब बघून गेले. आणि इथं या डोंगरातल्या शेतकऱ्यांनी कुऱ्हाडीनं आणि सुंभानं शेकडो वर्षांपूर्वी हे करून ठेवलं होतं.

पुलाची डागडुजी करणारा एक म्हातारा सुतार तिथं होता. साईराजनं त्याला दुभाष्यामार्फत शंभर प्रश्न विचारले. सांधा कसा, लाकूड कुठलं, बाक किती उंच. म्हाताऱ्यानं सगळं सांगितलं आणि उलट एकच विचारलं. तुमच्याकडं नवरी कशी नेतात, आणि मेलेला माणूस कसा नेतात?

साईराजला हसू आलं. त्याला वाटलं, म्हाताऱ्याला दुसऱ्या देशाच्या चालीरीतींची गंमत. "गाडीतनं नेतात," तो म्हणाला आणि पुढचा प्रश्न विचारला.

परत आल्यावर त्यानं गाव हलवलं. रविवारी रविवारी श्रमदान. आइनाचं लाकूड, जुन्या शाळेची मंगलोरी कौलं. सुतारकाम भरमा मेस्त्रींचं. त्यांनी तेव्हाच म्हटलं होतं, "साईराज, पाच फूट लई अरुंद हाय रं. आठ तरी धर."

"आठ केला तर उद्या कुणीतरी ट्रॅक्टर घालंल, मेस्त्री. पाचच. माणसांचा पूल हाय."

"माणसं कशीकशी जात्यात, त्याचा इचार केलास?"

"पायानं जात्यात," साईराज म्हणाला. त्याला घाई होती. त्याला कायमच घाई असते.

आणि पूल झाला. तेवीस मीटर लांब, तांबडी कौलं, दोन्ही बाजूंना बाकं. आठ दिवसांत गाव तिथं राहायला गेल्यासारखं झालं. सकाळी पोरं बसची वाट बघत बसायची. दुपारी रोपलावणीच्या बायका भाकरी सोडायच्या. एका खांबाला कुणी सातेरी देवीची तसबीर लावली. जोतिबा आप्पा तर रोज संध्याकाळी मधल्या बाकावर, आणि येणाऱ्याजाणाऱ्याला एकच वाक्य, "आमच्या पोराचा पूल." ह्यापेक्षा त्या माणसाला जन्मात काही जास्त पाहिजे नव्हतं.

अठरा जुलैला, गुरुवारी, आप्पा गोठ्यात पडले ते उठले नाहीत.

दुपारी तिरडी निघाली. मडकं धरून साईराज पुढं. खांदा द्यायला चौघं. साईराजचे काका भावकू, शेजारचा मारुती, चुलतभाऊ युवराज आणि भरमा मेस्त्री. पाऊस असा, की पुढच्याची पाठ दिसत नव्हती.

इथं मेस्त्री थांबले. "पोरींनो, इसावा ठावं हाय का तुमास्नी?"

आरोहीला माहीत होतं. तेजस्वीला नव्हतं.

घर आणि मसणवट यांच्या मधे तिरडी एकदा खाली ठेवतात, तो विसावा. तिथवर मेलेल्याचं डोकं पुढं आणि पाय मागं असतात, म्हणजे तोंड घराकडं. घर बघत बघत जातो तो. विसाव्याला तिरडी जमिनीवर टेकवायची, वर एक खडा ठेवायचा, आणि उचलताना अर्धी फिरवायची. मग तोंड मसणवटीकडं होतं. त्यापुढं त्याला घर दिसत नाही. दिसू द्यायचं नाही.

जांभळहट्टीचा विसाव्याचा दगड ओढ्याच्या अलीकडं, पाण्याखाली जाणाऱ्या जुन्या फरशी-पुलाच्या वाटेवर. नव्या पुलाच्या तोंडापासून चाळीस पावलं बाजूला, उघड्यावर. त्या दिवशी तिथं गुडघाभर चिखल होता. चौघंही दमलेले. पुलाच्या मध्यावर आल्यावर भावकू म्हणाला, "हितंच टेकवूया. कोरडं हाय." आणि त्यांनी आप्पांना पोराच्या पुलावर टेकवलं.

उचलताना कळलं. तिरडी सात फूट, पूल पाच फूट. फिरवता येईना. एकदा तिरकी केली, बांबू फळीला लागला. दुसऱ्यांदा केली, पुन्हा लागला. मेस्त्री म्हणाले, "माघारी नेऊया. इसाव्याच्या दगडाजवळ फिरवून आणूया."

साईराजच्या हातातलं मडकं विझायला आलं होतं. तो म्हणाला, "मेस्त्री, पाऊस वाढूलाय. फिरवून काय हुणार हाय? चला तसंच."

पोराचा शब्द. नेली तशीच.

युवराजला रजा नव्हती, तो दुसऱ्या दिवशी सकाळी बेंगळुरूला कामावर गेला. त्याच रात्री, शुक्रवारी, रुक्माबाई अंथरुणात बसून म्हणाली, "आप्पा पुलाच्या अलीकडं आलता."

शनिवारी म्हणाली, "डेअरीपतोर आलता."

रविवारी शाळेचा कोपरा. सोमवारी रात्री भावकूच्या परड्याजवळ, घरापासून तीन घरं अलीकडं. रोज पाऊल पुढं, आणि रोज तिचा दम जास्त. डॉक्टर म्हणाले, छाती भरलीय, श्वास पुरत नाही म्हणून भास होतात. साईराजला ते पटलं. नीलमला पटलं नाही. तिनं आईला विचारलं, "मग घरापतोर का येत न्हाय गं त्येनी?"

"वजं पेलंना," रुक्माबाई म्हणाली. "तिघंच हायत आणणारं. तिघांनी कुठवर आणायचं? एक गडी कमी पडूलाय."

तिला भीती वाटत नव्हती. तेच नीलमला बघवत नव्हतं. आई दाराकडं बघून केस सारखे करायची.

"मला न्यायला येऊलाय त्यो," ती म्हणायची. "येऊ दे की."

मंगळवारी रात्री दहा वाजून पन्नास मिनिटांनी साईराजनं मोटारसायकल शेडमध्ये लावली. मोबाईलची बॅटरी लावली आणि पुलावर पाय ठेवला.

पुलावरचा सौर दिवा चार दिवस ऊन नसल्यानं मेला होता. छपराखाली शिरलं की पावसाचा आवाज डोक्यावर जातो आणि ओढ्याचा पायाखाली. मधे माणूस एकटा. त्यानं ह्या पुलाची फळी न् फळी बसवलेली. डोळे मिटून गेला असता. आईचा पंप खिशात आहे ना, म्हणून त्यानं हात लावून बघितलं. होता.

मध्यावर आला.

डाव्या खांद्यावर काहीतरी टेकलं.

त्याला वाटलं, छपरातनं वासा निसटला. तो वाकला. ते त्याच्याबरोबर वाकलं. तो सरळ झाला. तेही वर आलं. हात नेला. गोल होतं. ओलं. बोटाला पेर लागलं, मग सुंभाची गाठ.

बांबू.

त्याचे पाय थांबायला हवे होते. थांबले नाहीत. कारण मागून ढकललं गेलं, हळू, जसं तिरडी चालू लागली की मागचे पुढच्याला ढकलतात तसं. एक पाऊल टाकलं. फळीवर त्याचं पाऊल वाजलं. आणि त्याच्यामागं आणखी वाजली. एक त्याच्या डाव्या अंगाला. दोन मागं.

तीन माणसं.

पूर्ण वजन नव्हतं. माणसाच्या वजनाचा चौथा हिस्सा. बरोबर चौथा.

"कोण हाय?" त्यानं विचारलं.

नुसते श्वास. लांब... संथ... घशात अडकून सुटणारे. त्यानं असे श्वास रोज ऐकले होते, घरात, पहाटे. ते झोपलेल्या माणसांचे श्वास होते. गाढ झोपलेल्या.

मागच्यातला एक पाय ओढत होता. भावकू काका तसाच चालतो.

"काका?"

...

"काका, बोल की."

घोरल्यासारखा आवाज झाला. बाकी काही नाही.

बॅटरीचा उजेड पुढं होता. मागं वळून बघायचं नाही, एवढं त्यानं ठरवलं. डाव्या गालाला काहीतरी लागलं. बारीक. ओलं. दोऱ्याचं टोक. मेलेल्याच्या पायाचे अंगठे दोऱ्यानं बांधतात. गुरुवारी तो दोरा त्यानंच बांधला होता. गाठ नीट बसेना म्हणून टोक लांब ठेवलं होतं.

पाय पुढं होते. म्हणजे तोंड...

तोंड घराकडं होतं.

पूल संपला. चिखल लागला. टाकून द्यावं का? खांदा काढून पळावं का? पण टाकलं तर आप्पा चिखलात पडतील, हे आधी मनात आलं. त्या माणसाला त्यानं एकदा टाकलं होतं. घाईत. डेअरी आली. डेअरी गेली. वजन वाढत नव्हतं. उलट सोपं होत होतं. चौघांचं पाऊल जुळलं होतं.

चौघं.

तेव्हा त्याला कळलं. एक गडी कमी पडूलाय, आई म्हणाली होती. तो गडी त्या रात्री मिळाला होता.

शाळेच्या कोपऱ्यावर हातातला फोन थरथरला. नीलम.

"दादा, कुठं हायस?"

"शाळेजवळ."

"बेगी ये. आई उठून बसलीया. ओठ निळं पडल्यात. दार उघड म्हणूलीय. मी न्हाय उघडलं. दादा, ती म्हणूलीय..." नीलमनं आवाज खाली आणला. "म्हणूलीय, पोरगा घेऊन येऊलाय."

पुढं दोनशे पावलांवर घर. खिडकीत कंदील. खिशात पंप. तो धावत गेला तर आई वाचणार होती. आणि तो धावत गेला, तर हेही त्याच्याबरोबर धावत येणार होतं. दारापर्यंत. आईपर्यंत. चीनमधल्या त्या म्हाताऱ्याचं तोंड त्याच्या डोळ्यापुढं आलं. मेलेला माणूस कसा नेतात?

"नीलम. दार उघडू नको. काय बी झालं तरी."

"पंप हाय न्हवं?"

"हाय. येतो."

फोन खिशात घातला. पाठीमागं श्वास. लांब... संथ...

"फिरवा," साईराज म्हणाला.

काही हललं नाही.

"फिरवा. माझी चूक हाय. माझ्याच शब्दानं ऱ्हायलंय. फिरवा."

शाळेसमोर मैदान आहे. तिथं जागा आहे. त्यानं उजवीकडं पाऊल टाकलं. खांद्यावरचा बांबू अडला. मग... सुटला. मागचे पाय चिखलात घसटत वळायला लागले. पाय ओढणारा सगळ्यात बाहेरून. अर्ध्या वर्तुळात. हळूहळू. घराची खिडकी त्याच्या डोळ्यासमोरून सरकली आणि पाठीमागं गेली.

आणि वजन आलं.

चौथा हिस्सा नाही. सगळं. जणू माणसानं अंग टाकून दिलं. जायचं नाही म्हणून. गुडघे वाकले. दोरा गालावर आपटायला लागला. पाय हलत होते. बांधलेले पाय...

"आप्पा," तो म्हणाला. रडतच म्हणाला. "आप्पा, तिला ऱ्हाऊ दे. आमाला पायजे ती अजून."

एक पाऊल. आणखी एक.

डेअरी.

पुलाच्या तोंडाशी तो डावीकडं वळला. चाळीस पावलं. गुडघाभर चिखल. गुरुवारी घाईत इथवर यायचं राहिलं होतं. विसाव्याचा दगड पायाला लागला. तो खाली बसला, वजनासकट, हळू, आणि बांबू टेकवला. काही टेकल्याचा आवाज झाला नाही. हाताला चिखलातला एक खडा लागला. अंदाजानं त्यानं तो पुढं ठेवला. हवेत ठेवला. खडा खाली पडला नाही. कशावर तरी राहिला.

"खांदा बदला," साईराज म्हणाला, आणि बाजूला सरकला.

श्वास थांबले. तिन्ही. एकदम.

पाऊस.

मग पुलाच्या फळ्या वाजल्या. एकच माणूस. अनवाणी. अलीकडून पलीकडं. मध्यावर थांबला... बराच वेळ. जणू आपल्या रोजच्या बाकावर बसला.

मग पुढं गेला.

साईराज घरी पोचला तेव्हा पावणेबारा झाले होते. नीलमनं त्याचा आवाज तीनदा ऐकून मग कडी काढली. आईला बसतं केलं, पंप दिला. दोनदा, तीनदा ओढल्यावर रुक्माबाईच्या ओठांचा रंग परत आला. तिनं चिखलानं भरलेल्या पोराकडं बघितलं.

"कुठं ठेवलास?" तिनं विचारलं.

"इसाव्याला."

"फिरवलास?"

"व्हय."

ती बराच वेळ दाराकडं बघत बसली. मग भिंतीकडं तोंड करून झोपली. त्यानंतर कधी तिनं आप्पांचं नाव काढलं नाही.

"रुक्माबाई हाय अजून," मेस्त्री म्हणाले. "दुपारी पुलावर शेंगा सोलत बसली हुती, बघितलासा की. उन्हाळ्यात साईराज आला आणि म्हणाला, मेस्त्री, मध्यावर रुंद करूया. किती, मी इचारलं. म्हणाला, तिरडी फिरंल एवढा. अकरा फूट. आता कोण बी पावसात टेकवू दे."

आरोही वहीत काहीतरी लिहायला गेली आणि लिहिलं नाही. बाहेर पाऊस एका सुरात पडत होता.

"पण ते तिघं," तेजस्वी म्हणाली. "मेस्त्री, गुरुवारी खांदा दिलेल्यांतले गावात उरलेले तिघं म्हणजे... भावकू काका, मारुती, आणि..."

मेस्त्रींनी खांद्यावरचा टॉवेल सारखा केला.

"त्या रात्री तुम्ही कुठं होता?"

"हितंच. ह्याच सोप्यात. झोपलेलो."

"झोपलंच हुतं की," आतून अंबुबाई, मेस्त्रींची बायको, म्हणाली. "मी जागीच हुती, गळकं बघत. कड सुदीक बदलली न्हाय रातभर. घोरत हुतं."

"ऐकलासा?" मेस्त्री म्हणाले. "जावा, झोपा आता. फोटू सकाळी काढा."

उठताना त्यांनी खांद्यावरचा टॉवेल ओढला. बंडीचा गळा सैल होता, तो एका बाजूला सरकला. आरोहीच्या मोबाईलचा उजेड त्यांच्या उजव्या खांद्यावर पडला. मेस्त्रींनी बंडी सारखी करायला हात नेला, पण उशीर झाला होता.

खांद्यावर आडवी खाच होती. तीन बोटं रुंद. वर्ष उलटून गेलं तरी मांस वर आलं नव्हतं. आणि खाचेच्या मधोमध बांबूच्या पेराची गोल कड उमटलेली होती, आज दुपारीच त्यांनी तिरडीचा खांदा बदलला असावा इतकी ताजी.